नदीच्या वाट्याचे मासे

मुंबईतल्या बऱ्याच हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर रावसापुढे 'इंडियन सॅमन' असं छापलेलं असतं. रावसाचा आणि सॅमनचा काडीचा संबंध नाही. रावस आपल्या किनाऱ्याजवळ, खाडीच्या तोंडाशी वावरणारा मासा. सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालून मरायला आपल्याच नदीत परत येतो. नोकरीसाठी सिएटलला आल्यावर खरा सॅमन मी पहिल्यांदा बॅलर्डच्या लॉक्समध्ये पाहिला. लॉक्स म्हणजे समुद्र आणि तळं यांच्यामध्ये बोटी वरखाली नेणारे दरवाजे. त्यांच्या शेजारी माशांसाठी एकवीस पायऱ्यांचा पाण्याचा जिना केलाय आणि त्याला खाली काच लावलीय. रावसाचे तुकडे तळून खाण्यात ज्याचं बालपण गेलं, त्याला हातभर लांबीचा मासा प्रवाहाविरुद्ध एकेक पायरी चढताना बघून काय वाटतं ते सांगत बसत नाही. एवढंच सांगतो, की पुढच्याच आठवड्यात मी मासेमारीचा परवाना काढला.

परवाना सोपा आहे. पाच मिनिटं, क्रेडिट कार्ड, झालं. अवघड आहे ते कधी जायचं हे ठरवणं. वॉशिंग्टन राज्याचं मत्स्य आणि वन्यजीव खातं दर वर्षी नियमांची पुस्तिका काढतं, १ जुलै ते पुढच्या ३० जूनपर्यंतची. शंभरावर पानं. समुद्राचे १ ते १३ असे क्रमांकाचे विभाग, शिवाय प्रत्येक नदीची वेगळी नोंद: अमुक पुलापासून तमुक ओढ्याच्या मुखापर्यंत, या तारखेपासून त्या तारखेपर्यंत. मासा चिनूक असेल तर प्यूजेट साउंडमध्ये निदान २२ इंच लांब हवा. बहुतेक ठिकाणी तो हॅचरीत वाढलेलाच हवा, म्हणजे पाठीवर शेपटीजवळ असणारा छोटा मांसल पर लहानपणीच कापलेला असला पाहिजे. पर शाबूत असेल तर मासा रानटी, तो सोडून द्यायचा. गळाला उलटा काटा चालत नाही. पिंक जातीचा सॅमन इथे भरभरून येतो तो विषम वर्षी, सम वर्षी त्याच्यासाठी बेत आखण्यात अर्थ नाही. आणि हे सगळं पाठ करून, बोट ठरवून, रजा टाकून झाल्यावर खात्याचं पत्रक येतं, की कोटा संपला, उद्यापासून विभाग बंद.

मी पोटासाठी कोड लिहितो. ती पुस्तिका वाचताना मला ओळखीचा वास आला. कुणीतरी वर्षानुवर्षं जुन्या कोडवर ठिगळं लावत आलंय, प्रत्येक ठिगळामागे एक भांडण आहे, आणि भांडणाची नोंद कुठेच केलेली नाही. अशा वेळी आम्ही कोडचा इतिहास उघडतो आणि मागे मागे जातो. इथे मागे जाता जाता मी १८५४ सालापर्यंत पोचलो.

त्याआधी एक रांग समजून घ्यायला हवी.

प्यूजेट साउंड हा सिएटलच्या आजूबाजूला जमिनीत खोलवर शिरलेला समुद्र. त्याला मिळणाऱ्या एखाद्या नदीतला चिनूक पिल्लू असताना समुद्रात उतरतो, उत्तरेकडे कॅनडाच्या किनाऱ्यापर्यंत, कधी त्याहूनही वर जातो, तीन ते पाच वर्षांचा झाला की परत फिरतो. परतीच्या वाटेवर माणसं ओळीनं उभी आहेत. आधी खुल्या समुद्रातल्या मोठ्या बोटी, मग सामुद्रधुनीतली जाळी, मग साउंडमधले हौशी गळवाले, मग खाडीतली जाळी, सगळ्यात शेवटी नदी. नदीवर जो उभा आहे त्याच्यापर्यंत येतो तो उरलेला मासा. त्याच्याही पलीकडे जायला हवेत ते अंडी घालणारे मासे, पुढच्या पिढीचं बियाणं. इंग्रजीत या निसटून वर पोचणाऱ्या माशांच्या संख्येला 'एस्केपमेंट' म्हणतात. सॅमनच्या हंगामाचं सगळं नियोजन या एका आकड्यापासून उलटं सुरू होतं: बियाणं किती ठेवायचं, उरलेले कुणी, कधी आणि किती घ्यायचे.

आता प्रश्न असा, की बियाणं कमी पडायला लागलं तर थांबायचं कुणी? रांगेतल्या पहिल्यानं की शेवटच्यानं? व्यवहारात शेवटच्याला थांबवणं सोपं. समुद्रातला मासा कुठल्या नदीचा हे कुणाला कळत नव्हतं, नदीतला मासा मात्र त्या नदीचाच. समुद्रातली बोट क्षितिजापलीकडे असते. नदीतलं जाळं पुलावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. वॉशिंग्टन राज्यात नदीवर जाळं टाकणारे होते ते इथले मूळचे लोक.

२६ डिसेंबर १८५४ रोजी मेडिसिन क्रीक नावाच्या ओढ्याकाठी वॉशिंग्टन प्रदेशाचा गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स यानं निस्क्वॉली, प्युॲलप आणि आसपासच्या जमातींशी करार केला. जवळपास साडेबावीस लाख एकर जमीन सरकारला, बदल्यात ३२,५०० डॉलर, तेही वीस वर्षांत हप्त्याहप्त्यानं, आणि राहायला जमिनीचे लहान लहान तुकडे. बोलणी झाली ती चिनूक जार्गन या बाजारबोलीत. काहीशे शब्दांची ही बोली कातडी, मासे आणि घोंगड्या यांच्या देवाणघेवाणीसाठी घडलेली. मालकीहक्क, सार्वभौमत्व असल्या कल्पना तीत कशा सांगितल्या असतील, देव जाणे. पण एक गोष्ट जमातींनी सोडली नाही. आपल्या नेहमीच्या, रुळलेल्या जागांवर मासे धरायचा हक्क त्यांनी राखून घेतला. करारात लिहिलं गेलं की हा हक्क त्यांना प्रदेशातल्या सर्व नागरिकांच्या बरोबरीनं, 'इन कॉमन विथ', राहील. पुढल्या वर्षभरात स्टीव्हन्सनं इतर जमातींशी केलेल्या करारांतही हे कलम आलं. त्याला ते देताना जड गेलं नाही. मासे अमाप होते, गोऱ्या वसाहतवाल्यांना ते आयते विकायला हेच लोक लागत होते, आणि मासे धरणारी जमात सरकारकडे धान्य मागणार नव्हती.

निस्क्वॉलींना जी जमीन नेमून दिली ती नदीपासून दूर, रानातल्या उंचवट्यावर. त्यावरून लढाई पेटली. मग जागा बदलून नदीकाठची मिळाली, पण त्यांचा पुढारी लेशाय याला १८५८ च्या फेब्रुवारीत फाशी झाली. या नदीकाठच्या जमिनीतला मोठा भाग पुढे पहिल्या महायुद्धाच्या वेळी लष्करी तळासाठी काढून घेतला गेला. आज सिएटलहून दक्षिणेला गाडीनं जाताना हायवेला लागून तो तळ लागतो.

दरम्यान कॅनिंग आलं. कोलंबिया नदीवरचा पहिला सॅमनचा कारखाना १८६६ सालचा. १८८३ मध्ये या एका नदीवर चिनूकच्या सहा लाखांहून जास्त पेट्या भरल्या गेल्या. नदीच्या प्रवाहावर आपोआप फिरून मासे उपसणारी अजस्र चक्रं आली. अशा एका चक्रवाल्यानं याकामा जमातीच्या लोकांना त्यांच्या जुन्या जागेवर जायला मज्जाव केला तेव्हा प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९०५ मध्ये न्यायालयानं सांगितलं की कराराचा हक्क जिवंत आहे, जमीन खासगी झाली तरी लोकांना मासे धरायला जाता आलं पाहिजे. निकाल चांगला होता. त्यानं काही फरक पडला असता, तर पुढचा लेख लिहायची गरज नव्हती.

मग धरणं. एल्व्हा नदीवर १९१३ मध्ये बांधलेल्या धरणाला माशांना वर जायला वाटच ठेवली नाही, ती ठेवावी असा राज्याचा कायदा असतानाही. कोलंबियावर १९३८ मध्ये बॉनव्हिल झालं, त्याला जिने होते. त्यानंतरचं ग्रँड कूली एवढं उंच, की जिन्याचा विचारच सोडून देण्यात आला आणि त्याच्या वरचं सगळं खोरं सॅमनला कायमचं बंद झालं. १० मार्च १९५७ रोजी द डॅलेस धरणाचे दरवाजे मिटले आणि सिलायलो धबधबा काही तासांत पाण्याखाली गेला. हजारो वर्षं लोक तिथे लाकडी मचाणांवर उभे राहून लांब दांड्यांच्या जाळ्यांनी मासे धरत होते.

मासे घटले. घटले ते कारखान्यांनी, धरणांनी, लाकूडतोडीनं, शहरांनी. थांबवायचं कुणाला, हे मात्र ठरलेलं होतं. संवर्धनाच्या नावाखाली राज्यानं नद्यांमध्ये जाळ्यांना बंदी केली. समुद्रातल्या बोटी चालू राहिल्या, नदीकाठचे गळवाले चालू राहिले, थांबली ती जाळी.

१९४५ मध्ये निस्क्वॉली नदीवर बिली फ्रँक नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला जाळं टाकल्याबद्दल पहिल्यांदा अटक झाली. पुढे त्याला पन्नासहून जास्त वेळा अटक झाली. घराण्याची मूळ जमीन लष्करी तळात गेल्यावर बापानं नदीकाठी सहा एकर विकत घेतले होते. फ्रँक्स लँडिंग म्हणतात ती जागा पुढे सगळ्या आंदोलनाचं ठाणं झाली. मीठ उचलून कायदा मोडायचा तसा इथे मासा धरून कायदा मोडायचा. 'सिट-इन'च्या चालीवर याला 'फिश-इन' म्हणायला लागले. लोक उजेडी जाळं टाकायचे, खात्याचे लोक होड्या आणि जाळी जप्त करायचे, बायकापोरांची ओढाताण व्हायची. २ मार्च १९६४ रोजी मार्लन ब्रँडो प्युॲलप नदीवर येऊन होडीत बसला. त्याला अटक झाली आणि लगेच सोडून दिलं. बातमी देशभर गेली. मोठ्या नटाला सोडणं आणि चौदा वर्षांच्या पोराला धरणं, यात राज्याला काही विसंगत वाटलं नसावं.

स्टीलहेडचा मामला तर हंगाम कसा आखला जातो याचा नमुनाच म्हणावा असा. समुद्रात जाऊन परत येणारा हा ट्राउट, गळवाल्यांचा लाडका. राज्यानं प्युॲलप नदीत स्टीलहेडसाठी जाळी पूर्ण बंद केली आणि गळ मोकळा ठेवला. जमातींचे लोक जाळ्यानं मासे धरणारे, तेव्हा कागदावर जातीचा, वंशाचा उल्लेखही न करता सगळे मासे हौशी लोकांना देऊन झाले. नोव्हेंबर १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं याला भेदभाव ठरवलं. साधन ठरवलं की माणूस ठरतो. आमच्या क्षेत्रातही हे रोज होतं. फॉर्ममध्ये एक रकाना सक्तीचा केला की अर्जदारांपैकी कोण गळणार ते आधीच ठरून जातं.

९ सप्टेंबर १९७० रोजी प्युॲलप नदीवरच्या छावणीवर पोलिसांनी छापा घातला. अश्रुधूर, लाठ्या, साठएक जणांना अटक. केंद्र सरकारचा स्थानिक वकील स्टॅन पिटकिन तिथे हजर होता. करार केंद्र सरकारनं केलेले, तेव्हा ते पाळले जातात की नाही हे बघणंही त्याचंच काम. काही दिवसांतच अमेरिकेच्या सरकारनं वॉशिंग्टन राज्यावर दावा लावला.

दावा आला न्यायमूर्ती जॉर्ज बोल्ट यांच्यापुढे. आयझेनहॉवरनं नेमलेले, शिस्तीचे, जुन्या वळणाचे. त्याच वर्षी व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या कार्यकर्त्यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांनी तुरुंगात टाकलं होतं. त्यांच्याकडून जमातींना फारशी आशा नव्हती. सुनावणी १९७३ च्या ऑगस्टअखेर सुरू झाली, तीन आठवडे चालली. मानववंशशास्त्रज्ञ बार्बरा लेन यांनी एकेका जमातीच्या मासेमारीच्या जागा कागदपत्रांतून उभ्या केल्या. म्हाताऱ्या माणसांनी कुठे, कुठल्या महिन्यात, कसलं जाळं, हे सांगितलं. म्हणजे या लोकांचं हंगामाचं नियोजन, छापील पुस्तिकेच्या शंभर वर्षं आधीचं, न्यायालयात पुरावा म्हणून नोंदलं गेलं. पहिला मासा सगळ्यांनी वाटून खायचा, त्याचे काटे मानानं नदीत परत सोडायचे, मगच हंगाम सुरू, हा रिवाज या सबंध किनाऱ्यावर होता. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय कोळी होडी पाण्यात लोटत नसत, त्यातलाच प्रकार. देवाचं निमित्त आहे, पण तोवर मासा विणून झालेला असतो.

१२ फेब्रुवारी १९७४ रोजी २०३ पानांचा निकाल आला. सगळा खटला 'इन कॉमन विथ' या तीन शब्दांवर फिरत होता. राज्याचं म्हणणं, 'नागरिकांच्या बरोबरीनं' म्हणजे इतर नागरिकांसारखाच हक्क, त्यांना जे नियम तेच यांना. बोल्ट यांनी करार झाला त्या काळातले शब्दकोश पाहिले आणि ठरवलं की याचा अर्थ वाटणी, समसमान. बियाण्यापुरते मासे बाजूला ठेवून जे धरता येण्याजोगे उरतात त्यांतले निम्म्यापर्यंत जमातींचे. तोवर त्यांच्या हाती येत होते ते पाच टक्क्यांच्या आसपास.

मराठी माणसाला हा वाद समजायला शब्दकोश लागू नये. सातबाऱ्यावर सामाईक विहीर असते. सामाईक विहिरीचं पाणी 'ज्याचं इंजिन आधी सुरू होईल त्याचं' असं कुणी म्हणालं, तर गावात डोकी फुटतील. पाण्याची पाळी ठरलेली असते. वरचा वाफा भिजून संपेपर्यंत खालच्याला पाणी नाही, आणि विहीर आटली तर म्हणायचं, खालच्यानं उपसा थांबवावा. वॉशिंग्टन राज्य इतकी वर्षं हेच म्हणत होतं.

निकालात अर्ध्या वाट्याहून मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते दुसरं एक वाक्य, खरं तर तर्क. राज्याला जमातींची मासेमारी रोखायची असेल तर ते माशांच्या रक्षणासाठी खरोखर आवश्यक आहे हे राज्यानं दाखवायला हवं. इतरांना आधी मनमुराद धरू देऊन मग शेवटच्याकडे बोट दाखवणं हे संवर्धन नव्हे, ती वाटणीच आहे, फक्त तिला वाटणी म्हटलेलं नाही. बोल्ट यांनी रांग उलटी वाचली. नदीच्या टोकापासून समुद्राकडे.

पुढली पाच वर्षं वाईट गेली. न्यायमूर्तींचा पुतळा फासावर लटकवला गेला. मच्छीमार उघड उघड बेकायदा जाळी टाकत होते, राज्याचं सर्वोच्च न्यायालय निकाल राबवायला तयार नव्हतं, राज्याचा महाधिवक्ता स्लेड गॉर्टन लढत राहिला. अखेर केंद्राच्या न्यायालयानं मासेमारीची देखरेख स्वतःकडे घेतली. एक न्यायाधीश कोणत्या खाडीत जाळी कधी पडणार ते ठरवतोय, असं दृश्य. २ जुलै १९७९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकालाचा गाभा कायम केला.

इथे एक गंमत सांगतो, फार मोठी नाही. करारात 'सर्व नागरिक' असं म्हटलंय. करार करणाऱ्या जमातींच्या लोकांना सरसकट अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं ते १९२४ मध्ये. मी तर नागरिकच नाही. व्हिसावर आहे, आणि परवाना काढताना मला तसं कुणी विचारलंही नाही, राज्यात किती दिवस राहतोय एवढंच विचारलं. कोलंबसच्या चुकीमुळे जुन्या कागदांत 'इंडियन' म्हणून ज्यांचा उल्लेख आहे त्यांना आपल्याच नदीवर मासा धरायला पन्नास वेळा अटक होते, आणि पासपोर्टावर इंडियन असलेला मी पाच मिनिटांत परवाना काढून त्यांच्या रांगेत त्यांच्या पुढे, समुद्राच्या बाजूला, उभा राहतो. गळवाला म्हणून मी आपोआप एका पक्षात जमा झालो आहे, हे मला निकाल वाचेपर्यंत कळलं नव्हतं.

अर्धा वाटा मिळाला, पण अर्धा कशाचा? नदीत मासाच आला नाही तर शून्याचा अर्धा शून्य. रांगेत पुढे असलेला खुला समुद्र आता केंद्र सरकारच्या अखत्यारीत होता. १९७६ च्या कायद्यानं दोनशे मैलांपर्यंतचं पाणी अमेरिकेचं ठरलं आणि किनाऱ्यापासून तीन मैलांपुढच्या सॅमनचा हंगाम पॅसिफिक कौन्सिल ठरवू लागली. ती सगळ्या नद्यांच्या माशांची एकत्र सरासरी धरायची. त्यात एखाद्या लहान नदीचा कोहो संपला तरी सरासरीला खरचटत नसे. हो, क्विल्यूट आणि क्विनॉल्ट या जमातींनी दावा लावला, आणि १९८१ मध्ये न्यायालयानं सांगितलं, की हिशोब नदीनदीचा झाला पाहिजे. या एका वाक्यानं नियोजनाचं गणित बदललं. आता सगळ्यात दुबळी नदी सगळ्यांचा हंगाम ठरवते. शेजारच्या नदीत मासे उड्या मारत असताना तुमचा विभाग बंद का, असं धक्क्यावर दर शनिवारी कुणीतरी विचारतो. कारण ते उड्या मारणारे आणि दुबळ्या नदीचे, समुद्रात एकाच गळाला लागतात.

१९८४ च्या सुमारास राज्याच्या मत्स्य खात्याचे प्रमुख बिल विल्करसन यांनी ठरवलं की वकिलांवर खर्च पुरे झाला. पोर्ट लडलो या गावी जमातींचे पुढारी आणि खात्याची माणसं एकत्र बसली. एका बाजूला पन्नास वेळा अटक झालेला बिली फ्रँक, दुसऱ्या बाजूला अटक करणारं खातं. त्यातून दर वसंतातली ती बैठकांची मालिका उभी राहिली जिला 'नॉर्थ ऑफ फाल्कन' म्हणतात; ऑरेगनच्या उत्तरेकडलं फाल्कन भूशिर, त्याच्या वरचं पाणी. १९८५ मध्ये कॅनडाबरोबर करार झाला, कारण इथले मासे तिथे आणि तिथले इथे धरले जातात. पश्चिम वॉशिंग्टनमधल्या वीस जमाती आणि राज्य हे आता सहव्यवस्थापक आहेत. फेब्रुवारीअखेर प्रत्येक नदीचे अंदाज येतात, मार्चमध्ये तीन पर्याय मांडले जातात, एप्रिलमध्ये एक ठरतो, जुलैत माझ्या हातात पुस्तिका पडते.

मधल्या सहा आठवड्यांत जे चालतं ते माझ्या प्रांतातलं आहे. 'फ्रॅम' नावाचं एक मॉडेल आहे. व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेलं, हे वाचून मला फार आपलेपणा वाटला. चिनूकसाठी ते काळाचे चार टप्पे करतं, कोहोसाठी पाच. कोणत्या विभागात, कोणत्या टप्प्यात, कोणत्या नदीचे किती मासे गळाला किंवा जाळ्यात येतील, याचा हिशोब मांडतं. हे कळायला आधार आहे तो एका तारेच्या तुकड्याचा. १.१ मिलिमीटर लांबीची पोलादी तार हॅचरीतल्या पिल्लाच्या नाकाडात टोचतात, तिच्यावर सांकेतिक क्रमांक असतो. वर्षांनंतर धक्क्यावर खात्याचा माणूस मोठ्या झालेल्या माशाच्या तोंडापाशी शोधक कांडी फिरवतो, पी वाजली की मुंडकं मागून घेतो. समुद्रातला मासा कुठल्या नदीचा हे ज्याला कळत नव्हतं त्याला आता कळतं. रांगेतल्या पहिल्याला 'मला काय माहीत' म्हणायची सोय राहिली नाही.

बैठकांत मॉडेल पुन्हा पुन्हा चालवलं जातं. गळवाल्यांना जुलैत दहा दिवस जास्त हवेत? घाला आकडा. मग अमुक नदीचा रानटी चिनूक मर्यादेखाली गेला. मग दहाचे सहा करा, नाहीतर दुसऱ्या विभागातले चार काढा. सोडून दिलेला मासाही यात धरतात, कारण तोंडातून गळ काढून पाण्यात सोडलेल्यांपैकी काही मरतात. म्हणून एखादा विभाग मासे फार धरले गेले यासाठीच बंद होतो असं नाही. लहान किंवा पर शाबूत असलेले मासे फार वेळा गळाला लागले, आणि सोडून दिले, म्हणूनही बंद होतो. मी सोडलेल्या माशाचं पुण्य मोजत होतो तेव्हा मॉडेल त्याचा खर्च मोजत होतं. १९९९ मध्ये प्यूजेट साउंडचा चिनूक संकटग्रस्त म्हणून कायद्याच्या यादीत गेला, तेव्हापासून हा खर्च फार काटकसरीनं होतो.

२०१६ मध्ये हे मोडलं. आदल्या वर्षी समुद्र विलक्षण तापला होता, कोहोचे अंदाज इतके खाली आले की कुणी किती सोडायचं यावर एप्रिलमध्ये राज्य आणि जमातींचं एकमत झालं नाही. तीसेक वर्षांत पहिल्यांदा. प्यूजेट साउंडमधली हौशी मासेमारी मेच्या सुरुवातीपासून बंद पडली, आणि महिनाअखेरीस समझोता होईपर्यंत बंदच राहिली. मी तेव्हा इथे नव्हतो, पण त्या महिन्याच्या गोष्टी बोटीवरचे लोक अजून सांगतात आणि सांगताना बोट जातं ते नदीतल्या जाळ्यांकडे. जाळं दिसतं ना. मॉडेलमधला अलास्का दिसत नाही, सोडून मेलेले मासे दिसत नाहीत. गोष्ट सांगणारे लोक चांगले असतात. मला नवख्याला गाठ मारायला त्यांनीच शिकवलं. त्यांच्यातल्या एकालाही बोल्ट यांचं नाव ऐकून आनंद होत नाही.

दिसत नाही त्यातली आणखी एक गोष्ट म्हणजे मोऱ्या. रस्त्याखालून ओढा न्यायला राज्यानं नळ टाकले, बरेचसे इतके अरुंद किंवा उंच की सॅमनला वर जाताच येत नाही. जमातींनी २००१ मध्ये दावा लावला: मासे धरायचा हक्क दिला आणि मासे येण्याची वाटच बुजवली, तर हक्काचा अर्थ काय? न्यायमूर्ती मार्टिनेझ यांनी २००७ मध्ये जमातींची बाजू उचलून धरली, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मतं चार-चार अशी विभागली गेल्यानं खालचा निकाल कायम राहिला. तेव्हापासून राज्य रस्ते खणून मोऱ्या बदलतंय. ऑफिसला जाताना त्या कामानं ट्रॅफिक तुंबतो, आणि लोक हॉर्न वाजवत बसतात. १८५४ च्या कलमामुळे आपल्याला उशीर होतोय हे किती जणांना माहीत असेल, कोण जाणे.

बिली फ्रँक २०१४ मध्ये गेला. ओबामांनी त्याला मरणोत्तर देशातला सर्वोच्च नागरी सन्मान दिला. 'सर्व नागरिक' या शब्दांचा वाद ज्यानं जन्मभर लढला, त्याला.

एल्व्हावरची दोन्ही धरणं २०११ ते २०१४ या काळात पाडली. पाडायला सुरुवात झाली तेव्हाच लोअर एल्व्हा क्लॅलम जमातीनं आणि राज्यानं मिळून नदीवर मासेमारी बंद ठेवली, मासे आधी रुळू देत म्हणून. या वेळी बंदी सगळ्यांना होती, जाळ्याला आणि गळालाही. धरणामागे साठलेला गाळ वाहून समुद्राच्या तोंडाशी नवा वाळूचा किनारा झाला. मासे वर गेले, जिथे शंभर वर्षं गेले नव्हते तिथवर. २०२३ च्या शरदात कोहो पुरेसे आहेत असं मोजणीत दिसल्यावर जमातीपुरता, विधीसाठी आणि घरी खाण्यासाठी, छोटा हंगाम उघडला. पुस्तिकेत त्या वर्षी एल्व्हाच्या पुढे आमच्यासाठी 'बंद' असंच लिहिलेलं होतं.